सगळ्यांनी मिळून बोलिंगला जायचंय? आमच्या इंदूरच्या मंडळात दर वेळी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कॉलनीच्या मराठी मंडळाची बोलिंगची फेरी वर्षातून एक-दोनदा तरी निघते आणि जमवाजमव माझ्याकडे असते. तारीख ठरली की फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एकदाच नीट लिहून ठेवते आहे. माझा हट्ट एकच आहे: जो कोणी आपल्याबरोबर येईल, मग तो पाच वर्षांचा असो की पंच्याहत्तरीचा, त्याच्या हातून बॉल गेला पाहिजे. पर्सा आणि स्वेटर सांभाळायला म्हणून कोणी येऊ नये. खालची बरीचशी उत्तरं त्या हट्टातूनच आली आहेत.

बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली का? मला तर क्रिकेट येत नाही.

नाही हो, क्रिकेटशी काही संबंध नाही. लगोरी आठवते ना, ज्याला इथे आपण सितोलिया म्हणतो? ढिगाऱ्यावर नेम धरून चेंडू मारायचा, तसलाच हा आनंद. फरक इतकाच की इथे बॉल फेकायचा नसतो, जमिनीवरून घरंगळत सोडायचा असतो. समोर गुळगुळीत लाकडी किंवा लाकडासारखी पट्टी असते, तिला लेन म्हणतात. आपण उभे राहतो त्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर असतं, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं कमीच. रुंदी जेमतेम साडेतीन फूट. टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात: पुढे एक, तिच्यामागे दोन, मग तीन, मग चार. प्रत्येक पिन १५ इंच उंच आणि वजनाला साधारण दीड किलो. लेनच्या दोन्ही बाजूंना पन्हळ असते. बॉल तिच्यात गेला की ती खेप वाया.

किती जण असले तर मजा येते?

एका लेनवर पाच जण. चार असले तर दमायला होतं, सात झाले की आपली पाळी येईपर्यंत लोक मोबाइल काढून बसतात. एका माणसाचा पूर्ण गेम साधारण दहा मिनिटांचा धरा, म्हणजे पाच जणांचा एक गेम पाऊण-एक तासात होतो. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी असतील तर एक तास पक्का धरा. आम्ही वीस जण असलो की चार लेन घेतो आणि दोन गेम खेळतो.

वाटणी करताना सगळी मुलं एका लेनवर आणि सगळे मोठे दुसऱ्या लेनवर असं करू नका. सोपं वाटतं, पण मग मुलांच्या लेनवर भांडणं होतात आणि मोठ्यांच्या लेनवर शांतता. प्रत्येक लेनवर एक तरी आजी किंवा आजोबा, एक तरी मूल आणि एक तरी असा माणूस ठेवा ज्याला स्क्रीन आणि बटणं कळतात.

पैसे गेमप्रमाणे द्यावेत की तासाप्रमाणे?

काही ठिकाणी माणशी प्रत्येक गेमचा दर असतो, काही ठिकाणी लेनचा तासाचा. दोन्ही मिळत असतील तर आपल्या मंडळींचा वेग बघा. चौघं कॉलेजची मुलं असतील तर तासाचा दर परवडतो, एका तासात त्यांचे दीड-दोन गेम होतात. आपल्यासारखा घोळका असेल, ज्यात कोणी आजोबांना हात धरून रेषेपर्यंत नेतंय आणि कोणी फोटोसाठी थांबवतंय, तर गेमचाच दर घ्यावा. घड्याळ चालू आहे हे डोक्यात असलं की आपण नकळत म्हाताऱ्या माणसांना घाई करतो, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

बुकिंग करताना फोनवर काय काय विचारायचं?

दरात बूट धरलेत का, जीएसटी धरलाय का, ॲडव्हान्स किती आणि संख्या कमी झाली तर तो परत मिळतो का. लहान मुलांच्या मापाचे बूट आहेत का हे आवर्जून विचारा, सगळ्यात आधी तेच संपतात. लेनच्या कडेला वर येणारी दांडी, जिला बंपर म्हणतात, ती आहे का? मुलांसाठी, वर बॉल ठेवून नुसता ढकलायची लोखंडी घसरगुंडी आहे का? व्हीलचेअर किंवा काठी असणाऱ्याला लेनपर्यंत पायरी न चढता जाता येतं का? हा शेवटचा प्रश्न फोनवर विचारला की समोरचा बरेचदा "हो हो" म्हणतो. मी एकदा आधी जाऊन बघूनच येते, कारण बसायच्या जागेपासून लेनवर जाताना कित्येक ठिकाणी एक-दोन पायऱ्या असतात.

आणि लेन शेजारशेजारच्या हव्यात, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. एका वर्षी आम्ही दोन लेन ठरवल्या होत्या, नुसत्या तोंडी. पोहोचलो तर एक लेन या टोकाला आणि दुसरी पार त्या टोकाला, मध्ये कुणाचा तरी वाढदिवस चाललेला. काउंटरवर बोलून उपयोग झाला नाही. अर्धं कुटुंब इकडे, अर्धं तिकडे, आणि काकूंनी सगळ्या पिना पाडल्या तेव्हा काकांना ते कळलंसुद्धा नाही. मला अजून त्याची रुखरुख आहे. तेव्हापासून "लागून असलेल्या चार लेन" असा मेसेज पाठवते आणि त्याला उत्तर आल्याशिवाय पैसे भरत नाही.

कोणता दिवस आणि कोणती वेळ चांगली?

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. तेव्हा गर्दी असते, दर चढे असतात आणि गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की शेजारच्याशी बोलता येत नाही. आठवड्यातली दुपार सगळ्यात छान, पण नोकरदारांना ती जमत नाही. आमचा तोडगा म्हणजे रविवारी सकाळी दार उघडल्याबरोबरची वेळ. लेन नुकत्या पुसून तेल लावून तयार असतात, बूट कोरडे असतात, कर्मचाऱ्यांना सांगायला-शिकवायला सवड असते.

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ आणि रंगपंचमीचा दिवस सोडा. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, यांमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, आणि खरं तर त्या दिवशी आपण तिथेच असायला हवं. गणपतीच्या दहा दिवसांत तर मंडळाचे आपलेच कार्यक्रम असतात. राजेंद्र नगर, सुदामा नगरकडून विजय नगरच्या बाजूला जायचं म्हणजे शहर आडवं कापायचं, त्यामुळे गाड्या वाटून घ्या आणि ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीची वेळ सगळ्यांना सांगा.

काय घालून यायचं?

मोजे. पहिले मोजे, मग बाकीचं. बूट तिथलेच भाड्याने घ्यावे लागतात, त्यांचे तळ गुळगुळीत असतात आणि ते घातल्याशिवाय लेनवर जाऊ देत नाहीत. ते बूट दिवसभरात अनेकांच्या पायात गेलेले असतात, म्हणून स्वतःचे जाडसर सुती मोजे हवेतच. मी पिशवीत चार-पाच जोड जादा ठेवते आणि दर वेळी ते लागतात.

साडी चालते का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. चालते. निऱ्या घोट्याच्या वर येतील अशी साडी नेसा आणि पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणी असेल तर दोन्ही टोकं मागे बांधून टाका. अंगठी आणि उजव्या हातातल्या बांगड्या घरीच काढून ठेवलेल्या बऱ्या. नखं वाढवली असतील तर अंगठ्याचं तरी कापा, छिद्रात अडकून तुटतं आणि ते फार दुखतं.

बॉल कोणता घ्यायचा?

या एका गोष्टीवर पुढचा तासभर अवलंबून असतो, म्हणून सावकाश सांगते.

बॉलवर आकडा असतो, तो पौंडांतला. ६ म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, ८ म्हणजे साडेतीनपेक्षा जरा जास्त, १० म्हणजे साडेचार किलो, १२ म्हणजे साडेपाच किलोला थोडा कमी. सगळ्यात जड १६ पौंडांचा, सव्वासात किलोचा. आपल्या वजनाच्या दहावा हिस्सा हा मोठ्यांसाठी ढोबळ हिशेब सांगतात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी त्याहून एक-दोन पौंड कमीच घ्यावा असं माझं मत आहे. मुलांनी ६ पासून सुरुवात करावी, घरातल्या बायका साधारण ८ ते १० घेतात, पुरुष ११-१२. पुरुषमंडळींना कळकळीची विनंती: १५-१६ चा बॉल उचलून दाखवण्याच्या भरीस पडू नका. पहिल्या चार खेपा जोरात जातात, नंतर मनगट बोलायला लागतं.

वजन ठरलं की छिद्रं बघा. तीन असतात. मधलं बोट आणि अनामिका वरच्या दोन छिद्रांत, अंगठा खालच्या. पहिलं बोट आणि करंगळी बाहेर, बॉलवर टेकलेली. आधी दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत घाला, मग अंगठा पूर्ण. आता दुसऱ्या हाताने बॉल खालून धरून अंगठा बाहेर काढा. तो ओढावा लागला, किंवा बाटलीचं बूच निघतं तसा आवाज आला, तर छिद्र घट्ट आहे, बॉल ठेवून द्या. अंगठा आत सैल फिरत असेल तर बॉल हातातून मागेच पडेल, तोही ठेवून द्या. किंचित घासत निघाला की तो आपला. त्याचा रंग आणि आकडा लक्षात ठेवा, कारण शेजारच्या लेनचे बॉलही बहुधा त्याच रॅकवर परत येतात.

टाकायचा कसा? माझा दर वेळी पन्हळीत जातो.

पहिल्या दिवशी पळत जाऊ नका. रेषेच्या एक पाऊल मागे उभे रहा. उजव्या हाताने टाकत असाल तर डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, हात लंबकासारखा सरळ मागे आणि सरळ पुढे. सोडताना अंगठा वरच्या बाजूला राहिला की बॉल सरळ जातो. बॉल उंचावरून आदळू नका, घोट्याजवळ आणून सोडा.

नजर पिनांकडे ठेवू नका. लेनवर सुमारे १५ फुटांवर सात बाण काढलेले असतात, त्यातला एक नेमका ठरवा आणि बॉल त्यावरून जाऊ द्या. जवळचं लक्ष्य धरणं केव्हाही सोपं. सगळ्या पिना एकदम पाडायच्या तर बॉल पुढच्या पिनेच्या बरोबर नाकावर आपटून चालत नाही, उजव्या हाताने टाकणाऱ्याने तिच्या किंचित उजवीकडे मारावा. नाकावर बसला की मधल्या पिना जातात आणि दोन टोकांच्या दोन तशाच उभ्या राहतात, मग त्या दोन्ही पाडणं निष्णात खेळाडूलाही कठीण.

आजींना जमेल का? त्या म्हणतात, मी नुसती बघत बसते.

जमेल. मला सगळ्यात आनंद याच उत्तराचा आहे.

वर ज्या लोखंडी घसरगुंडीचं सांगितलं, ती मुलांसाठी म्हणून ठेवलेली असते, पण आजींनाही ती अगदी सोयीची पडते. घसरगुंडी रेषेवर ठेवायची, दुसऱ्या कुणी ६ चा बॉल उचलून वर ठेवायचा, आजींनी फक्त दिशा बघायची आणि तळव्याने ढकलायचं. खुर्चीत बसूनही होतं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गुडघ्याचं कारण सांगून कोपऱ्यात बसल्या होत्या. नातवाने हाताला धरून आणलं. त्यांनी घसरगुंडी आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा सुताएवढी डावीकडे सरकवली. देव्हाऱ्यातली तसबीर सरळ करताना करतात, अगदी तशी. बॉल इतका हळू निघाला की आम्हाला वाटलं मध्येच थांबणार. तो गेला, पुढच्या पिनेला टेकला, ती शेजारणीवर पडली, आणि एकीमागून एक करत आठ पडल्या. त्यांनी मागे वळून विचारलं, "आता परत माझी पाळी केव्हा?"

पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल, नुकतंच डोळ्यांचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारूनच खेळा. घसरगुंडीवरही बॉल स्वतः उचलू नका.

मुलं किती मोठी असावीत?

घसरगुंडी असेल तर चार-पाच वर्षांची मुलंही खेळतात. बंपर लावून घ्या, म्हणजे बॉल कडेला आपटून परत लेनवर येतो. नव्या मशीनवर ज्याची पाळी त्याच्यापुरता बंपर आपोआप वर येतो, जुन्यांवर अख्ख्या लेनला लागतो. आधी विचारून घ्या, वाटणी त्यावर ठरते. आणि मुलांना रेषेपाशी कुणीतरी मोठ्याने सोबत करा. बॉल सोडल्यावर त्याच्यामागे धावायची त्यांना फार इच्छा होते.

पिना परत कोण उभ्या करतं? (हा प्रश्न मुलांचाच, पण दर वेळी येतो.)

मागे मशीन असतं. उभ्या राहिलेल्या पिना ते वर उचलतं, पडलेल्या झाडून मागे ढकलतं आणि उरलेल्या जागच्या जागी ठेवतं. पूर्वी हे काम माणसं करायची, बहुतेक लहान वयाची मुलं, लेनच्या मागे बसून. आपोआप पिना लावणारं मशीन अमेरिकेत १९४६ मध्ये लोकांना पहिल्यांदा दाखवलं गेलं आणि १९५०च्या दशकात सगळीकडे पसरलं. काही ठिकाणी आता पिनांना वरून दोरी बांधलेली असते, ती ओढून त्या उभ्या करतात. मुलांना हे सांगा, ती मग दर वेळी मागे डोकावून बघतात.

गुण कसे मोजतात?

स्क्रीन मोजते, पण हिशेब कळला की रंगत वाढते. गेमचे दहा डाव असतात, प्रत्येक डावात दोन खेपा. पडली पिन, मिळाला गुण. पहिल्याच खेपेत दहाही पडल्या तर तो स्ट्राइक: दहा, अधिक पुढच्या दोन खेपांचे गुण. दोन खेपांत मिळून दहा पडल्या तर स्पेअर: दहा, अधिक पुढच्या एका खेपेचे गुण.

समजा पहिल्या डावात स्ट्राइक, दुसऱ्यात आधी ७ आणि मग २. तर पहिल्या डावाचे १० + ७ + २ म्हणजे १९, दुसऱ्याचे ९, एकूण २८. म्हणूनच स्ट्राइक मारल्यावर आकडा लगेच येत नाही आणि काका स्क्रीन बिघडली म्हणून ओरडतात. बिघडलेली नसते, पुढच्या खेपांची वाट बघत असते. दहाव्या डावात स्ट्राइक किंवा स्पेअर झाला की जादा खेप मिळते. सगळेच स्ट्राइक, म्हणजे सलग बारा, मारले तर ३०० गुण होतात, त्याच्या वर काही नाही. आपल्यापैकी कुणाचे शंभर झाले तर ती पार्टी द्यायची वेळ.

स्पर्धा ठेवावी का?

पहिला गेम नुसता खेळा, दुसऱ्यात ठेवा. एकेकट्याची नको, लेनची ठेवा: पाच जणांचे गुण मिळून. वाटणी मिश्र असते, त्यामुळे सामना बरोबरीचा होतो. लहान मुलांना आणि साठीपुढच्यांना आम्ही आधीच वीस-वीस गुण देतो.

नावं आधीच कागदावर लिहून न्या. स्क्रीनवर अक्षरं थोडीच मावतात, आणि एकाच लेनवर दोघींचं नाव "आजी" टाकलं तर पाळीचा घोटाळा होतो. आम्ही गावावरून टाकतो: देवास, धार, महू.

काय अजिबात करायचं नाही?

रेषा ओलांडायची नाही. नियमात बसत नाही हे तर आहेच, पण पुढे लेनवर तेल लावलेलं असतं. ते बुटाला लागलं की पुढच्या पावलाला माणूस घसरतो. बॉल परत येणाऱ्या जागी बोटं घालायची नाहीत. मागून दुसरा बॉल येतो आणि दोघांच्या मध्ये बोट चेमटतं. बॉल नेहमी दोन्ही हातांनी, दोन कडांना धरून उचला, छिद्रांत बोटं घालून नाही. शेजारच्या लेनवर कुणी टाकायच्या तयारीत असेल तर त्याला आधी टाकू द्या. पिना साफ करणारी दांडी खाली असताना बॉल सोडू नका, मशीनला मार बसतो.

मध्येच मशीन अडकलं तर?

अडकतं कधीकधी. स्वतः आत जायचं नाही. बटण दाबा किंवा माणसाला बोलवा आणि तासाचा दर असेल तर तेवढी मिनिटं लगेच थांबवायला सांगा. लगेच म्हणजे त्याच क्षणी, बिलाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

खाण्याचं काय?

बाहेरचं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, मुलांचं किंवा पथ्याचं असेल तर विचारून घ्या. खाणं खेळानंतरच. भरल्या पोटी वाकवत नाही, आणि तेलकट बोटं छिद्रात घातली की पुढच्याच्या हातून बॉल निसटतो. सकाळी घरून पोहे खाऊन निघालं की दुपारपर्यंत तग धरतो.

संध्याकाळी गेलो तर नंतर कुठे, यावर दर वेळी दोन पक्ष पडतात. तरुण मंडळींना सराफा बाजार हवा असतो. तिथे दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर गाड्या लागतात, खरी गंमत रात्री दहानंतर. भुट्ट्याचं कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण मसाला, सगळं खरं. पण गाडी लांब लावून गर्दीतून चालावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर मी छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या बाजूने मत देते: चालायला मोकळं, बसायला जागा, आणि खोपरा पॅटीस, शिकंजी आहेच.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं का?

थोडं. उजवा दंड, मनगटाच्या वरचा भाग आणि डावी मांडी, कारण वाकताना सगळा भार तिच्यावर येतो. खेळायच्या आधी पाच मिनिटं खांदे आणि मनगटं फिरवून घेतली तर बरंच वाचतं. रात्री गरम पाण्याने शेका. दोन दिवसांत ओसरतं, नाही ओसरलं तर दाखवून घ्या.